जखम भरली, वेदना उरली

वाचकहो, या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक तक्रार निरनिराळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा भेटते. ‘नागीण होऊन चार महिने झाले. फोड केव्हाच सुकले, खपल्या पडल्या. पण त्या जागी अजून आग होते. सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही, रात्रीची झोप गेली आहे.’ आणि पत्राच्या शेवटी, काहीशा संकोचाने, लिहिलेले असते : ‘घरचे म्हणतात, आता वर काहीच दिसत नाही, तेव्हा हे मनाचे खेळ असावेत. खरेच तसे असेल का?’

या प्रश्नाचे उत्तर आरंभीच देऊन टाकतो. नाही, तसे नाही. जखम भरून आल्यानंतरही वेदना मागे उरू शकते. ती ताज्या जखमेच्या वेदनेइतकीच खरी असते आणि तिच्यावर उपचारही आहेत. ही गोष्ट वैद्यकविश्वाला पटवून देण्यात भूलतज्ज्ञांचा वाटा मोठा आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी आपल्या उशाशी उभा राहणारा हा डॉक्टर वेदनेच्या संशोधनात कसा शिरला, मज्जातंतूंना विजेचे सौम्य उत्तेजन देऊन वेदना शमविण्याची कल्पना कोठून आली आणि या साऱ्यांतून आपल्या घरातील ज्येष्ठांसाठी काय घ्यावे, हे आज पाहू.

नागीण आणि तिचा वेढा

आपल्या लासलगाव-निफाड परिसरात नागिणीविषयीची भीती अजून ओसरलेली नाही. ‘नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस वाचत नाही’ ही समजूत आजही ऐकू येते. त्या धास्तीने पहिले काही दिवस काव लावण्यात आणि नागीण उतरवून घेण्यात जातात. उपचाराच्या दृष्टीने नेमके तेच दिवस सर्वांत मोलाचे असतात.

नागीण म्हणजे कांजिण्यांचाच जुना विषाणू. लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्या, तरी तो शरीर सोडून जात नाही. पाठीच्या कण्यालगत असलेल्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये तो वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो. वाढते वय, मधुमेह, कर्करोगावरील उपचार किंवा स्टिरॉइडची औषधे यांमुळे प्रतिकारशक्ती उणावली की तो जागा होतो आणि एखाद्या मज्जातंतूच्या मार्गाने त्वचेपर्यंत येतो. शरीराच्या डाव्या आणि उजव्या बाजूंचे मज्जातंतू निरनिराळे असतात; म्हणून पुरळ एका बाजूच्या पट्ट्यात उठते आणि मध्यरेषेपाशी थांबते. वेढा पूर्ण होत नाही, तो याच कारणाने. ज्यांची प्रतिकारशक्ती फारच खालावलेली आहे, अशा थोड्या रुग्णांत पुरळ सर्वांगावर पसरू शकते आणि त्यांना तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत विषाणुविरोधी गोळ्या सुरू झाल्या, तर त्यांचा सर्वाधिक लाभ होतो. पुरळ कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा; दृष्टीला धोका असतो.

चोर गेला, कुत्रा भुंकतच राहिला

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फोड सुकल्यावर आग का होत राहते?

सामान्य वेदना ही राखणदार असते. बोटात काटा रुतला की मज्जातंतू ती वार्ता मज्जारज्जूकडे आणि तेथून मेंदूकडे नेतात, आपण हात मागे घेतो आणि काटा निघाला की वेदना शमते. शेतावर राखणीला ठेवलेला कुत्रा चोराची चाहूल लागताच भुंकतो, तसेच हे. नागिणीत मात्र विषाणू मज्जातंतूलाच इजा करतो. तो मज्जातंतू मग कारण नसताना संदेश पाठवू लागतो आणि ते संदेश स्वीकारणाऱ्या मज्जारज्जूतील पेशीही अतिसंवेदनशील होतात. चोर केव्हाच निघून गेला, तरी कुत्रा भुंकतच राहतो; वाऱ्याने पान हलले तरी भुंकतो. सदऱ्याचा हलका स्पर्श आगीसारखा भासतो तो यामुळे. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायांची होणारी आग आणि टाचण्या टोचल्यासारखे वाटणे हेदेखील मज्जातंतूंचेच दुखणे.

म्हणूनच औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या येथे फारशा उपयोगी पडत नाहीत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे सूज उतरवतात. येथे सूज हे दुखण्याचे मूळ नसते. आराम पडत नाही म्हणून एकाच्या दोन गोळ्या होतात, आठवड्यांचे महिने होतात, आणि वेदना जागच्या जागी राहून मूत्रपिंडे, जठर आणि रक्तदाब मात्र बिघडतात. ज्येष्ठांच्या बाबतीत ही हानी गंभीर ठरू शकते.

वेदनेच्या शोधात भूलतज्ज्ञ

मज्जातंतू बधिर करणे हे भूलतज्ज्ञाचे नित्याचेच काम. कोणता मज्जातंतू कोठून जातो, सुई कोठे आणि किती खोल जावी, हे ज्ञान त्याच्या हाती असते. तेच ज्ञान शस्त्रक्रियागृहाबाहेर आणण्याचे काम ज्यांनी प्रथम नेटाने केले, ते जॉन बोनिका हे इटलीत जन्मलेले अमेरिकन भूलतज्ज्ञ. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी ते आखाड्यात कुस्त्या खेळत आणि त्या कुस्त्यांनी दिलेली दुखणी त्यांना जन्मभर पुरली. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांच्या ध्यानी आले की कित्येकांच्या जखमा भरल्या तरी वेदना थांबत नाहीत. 1953 साली त्यांनी वेदनेच्या उपचारावर बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. एका वेदनाग्रस्ताला भूलतज्ज्ञ, मेंदुविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि व्यायामोपचारतज्ज्ञ अशा अनेकांनी मिळून पाहावे, हा विचार त्यांनी रुजवला. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनाही त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली.

आपल्याकडेही हा विचार पोहोचला आहे. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील भूलशास्त्र विभागाच्या नावातच ‘वेदना’ हा शब्द समाविष्ट आहे. मोठ्या शहरांतील अनेक रुग्णालयांत आज वेदनाचिकित्सा विभाग असतात आणि तेथील प्रमुख बहुधा भूलतज्ज्ञच असतात.

नागिणीनंतरच्या वेदनेच्या संदर्भात एक नाव आवर्जून सांगितले पाहिजे. डॉ. श्रीनिवास राजा हे अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील भूलतज्ज्ञ. मज्जातंतूंची वेदना हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय. 2002 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागिणीनंतरच्या वेदनेने ग्रासलेल्या 76 रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मॉर्फिनच्या गटातील औषधे, नैराश्यावर वापरली जाणारी जुन्या गटातील औषधे आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी यांची तुलना केली होती. दोन्ही गटांच्या औषधांनी दिखाऊ गोळीपेक्षा वेदना अधिक कमी केली. मॉर्फिनच्या गटातील औषधांचे धोके ध्यानात घेऊन आज ती प्रथम पसंतीची मानली जात नाहीत. परंतु नैराश्यावरील औषध मज्जातंतूंची वेदनाही शमवू शकते, ही गोष्ट अशाच अभ्यासांनी दृढ केली. तेव्हा डॉक्टरांनी आपल्या आजोबांना अमिट्रिप्टिलिनची लहानशी मात्रा दिली, तर ‘आमच्या माणसाला वेडाची गोळी दिली’ असे कृपया समजू नये.

आजीला बोलता येत नसेल तर

डॉ. राजा यांचे दुसरे कार्य प्रत्येक घराशी निगडित आहे. वेदना म्हणजे काय, याची आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेली व्याख्या 1979 पासून प्रचलित होती. तिच्यात वेदनेचे ‘वर्णन’ करण्याचा उल्लेख होता. मग ज्याला वर्णनच करता येत नाही त्याचे काय? तान्हे मूल, पक्षाघाताने वाचा गेलेले आजोबा, स्मृतिभ्रंशामुळे शब्द हरवलेली आजी, यांना वेदना होत नाहीत काय? डॉ. राजा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या व्याख्येचा पुनर्विचार केला आणि 2020 साली सुधारित व्याख्या प्रसिद्ध झाली. तिच्यासोबत काही टिपा जोडल्या आहेत. त्यांचा आशय असा की, वेदना हा ज्याचा त्याचा अनुभव आहे; ‘मला दुखते’ असे कोणी सांगितले तर त्या सांगण्याचा आदर राखावा; आणि बोलता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी ही शेवटची टीप मनावर कोरून ठेवावी. स्मृतिभ्रंश झालेली आजी कूस बदलवताना कपाळाला आठ्या घालते, एखाद्या जागी हात लावू देत नाही, अंघोळीच्या वेळी ओरडते, अन्नावरची वासना गेली आहे, अकारण चिडते. ही सारी वेदनेची भाषा असू शकते. ‘वयोमानाने हट्टी झाली’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी तिचे अंग नीट पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे.

चोळल्याने बरे का वाटते?

खेळताना मुलाचा गुडघा आपटला की आजी तो चोळते, आणि मूल रडायचे थांबते. या घरगुती उपायामागील शास्त्र 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडले. वेदनेचे संदेश मज्जारज्जूत शिरतात, तेथे जणू एक दार असते. स्पर्श आणि दाब यांचे संदेश जाड तंतूंतून येतात, तर वेदनेचे बव्हंशी बारीक तंतूंतून. जाड तंतूंतून पुरेसे संदेश आले की ते दार अंशतः लोटले जाते आणि वेदनेचे थोडेच संदेश पुढे जातात. मेंदूही वरून हे दार उघडझाप करू शकतो. म्हणूनच भीती आणि एकाकीपणा वेदना वाढवतात, तर मन रमल्याने ती सौम्य होते. पुढील संशोधनाने या सिद्धांताच्या तपशिलात बदल केले, पण मूळ विचार टिकून आहे.

जाड तंतूंना विजेने उत्तेजित केले तर? 1967 साली वॉल आणि विल्यम स्वीट यांनी हा प्रयोग आधी स्वतःवर आणि नंतर तीव्र, जुनाट वेदना असलेल्या 8 रुग्णांवर केला. त्यांतील 4 जणांना मज्जातंतूंचेच विकार होते. त्यांची वेदना दोन मिनिटांच्या उत्तेजनाने अर्ध्या तासाहून अधिक काळ थांबली. त्याच वर्षी नॉर्मन शीली या शल्यविशारदांनी मज्जारज्जूला उत्तेजन देणारे उपकरण रुग्णाच्या शरीरात प्रथम बसवले. कल्पना मात्र फार पुरातन आहे : विजेचा झटका देणाऱ्या माशाचा स्पर्श वेदनेवर उपाय म्हणून पहिल्या शतकातील एका रोमन वैद्याने नोंदवून ठेवला आहे.

मज्जारज्जूला दिलेले उत्तेजन आत नेमके काय करते, याचा शोध डॉ. राजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत घेतला. मज्जातंतूला इजा झालेल्या उंदरांवरील, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा उत्तेजनानंतर मज्जारज्जूतील अतिसंवेदनशील पेशींचा उद्रेक कमी झालेला आढळला. भुंकणारा कुत्रा शांत कसा होतो, याचे हे एक उत्तर.

आज काय उपलब्ध आहे?

पहिला प्रकार ‘टेन्स’ नावाच्या लहानशा यंत्राचा. त्वचेवर चिकट पट्ट्या लावून सौम्य विद्युतप्रवाह दिला जातो. व्यायामोपचारतज्ज्ञांकडे हे यंत्र असते, घरीही वापरता येते. त्याच्या उपयुक्ततेबाबतचे पुरावे संमिश्र आहेत. काहींना चांगला आराम मिळतो, काहींना मुळीच नाही. योग्य रीतीने वापरल्यास अपाय कमी, म्हणून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करून पाहावे. हृदयात पेसमेकर असल्यास हृदयरोगतज्ज्ञांच्या अनुमतीविना ते कदापि वापरू नये. मानेच्या पुढच्या भागावर, फुटलेल्या किंवा बधिर त्वचेवर आणि कर्करोगाच्या गाठीवर पट्ट्या लावू नयेत. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असल्यास तेथे भाजले तरी कळत नाही, हे विसरू नये.

दुसरा प्रकार मज्जातंतूभोवती औषधाचे इंजेक्शन देण्याचा. वेदनाचिकित्सक सोनोग्राफीच्या किंवा क्ष-किरणांच्या साहाय्याने सुईची जागा अचूक ठरवतात. आराम काही दिवसांचा किंवा काही महिन्यांचा असू शकतो. तो कायमचा असेलच असे नाही.

तिसरा प्रकार मज्जारज्जू-उत्तेजक यंत्राचा. प्रसूतीच्या वेळी कळा थांबवण्यासाठी भूलतज्ज्ञ ज्या ‘एपिड्यूरल’ जागेत औषध देतात, त्याच जागेत बारीक तार सरकवली जाते आणि तिला त्वचेखाली बसवलेल्या लहान यंत्रातून प्रवाह मिळतो. आधी काही दिवस बाहेरील यंत्राने चाचणी घेतात. वेदना निम्म्याने तरी कमी झाली, तरच यंत्र आत बसवण्याचा विचार होतो. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही न थांबणारी पायाची वेदना आणि मधुमेहामुळे होणारी, औषधांना दाद न देणारी पायांची आग, यांत त्याचा विशेष उपयोग दिसला आहे. नागिणीनंतरच्या वेदनेत मात्र पुरावा तितका भक्कम नाही. खर्च काही लाखांच्या घरात जातो, तार सरकणे आणि जंतुसंसर्ग हे धोके असतात आणि पुढे एमआरआय करताना यंत्राची माहिती द्यावी लागते. जमीन गहाण टाकून घाईने घ्यावा असा हा उपाय नव्हे. साधे उपाय नीट करून झाले आहेत का, चाचणीत आराम पडला नाही तर काय, बॅटरी किती वर्षे चालेल, हे प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. एका बैठकीत वेदना कायमची घालवण्याची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे.

घरी आपण काय करावे?

एक. वेदनेची वही ठेवावी. सकाळ-संध्याकाळ शून्य ते दहा या मापात वेदना किती, झोप किती झाली, कोणती गोळी घेतली, हे रोज एका ओळीत लिहावे. ही वही डॉक्टरांना कोणत्याही तपासणीइतकी उपयोगी पडते.

दोन. दुखऱ्या जागेवर मऊ, सैल, सुती कापड वापरावे. जुने मलमल उत्तम. डॉक्टरांनी सांगितल्यास लिडोकेनची पट्टी न फुटलेल्या त्वचेवर लावता येते. काव, चुना, बिब्बा अशा वस्तू लावू नयेत.

तीन. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधे थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवतात. गुण येण्यास काही आठवडे लागतात, तेव्हा चार दिवसांत निराश होऊन ती सोडू नयेत आणि परस्पर एकाएकी बंदही करू नयेत. त्यांनी गुंगी येते, तोल जातो. रात्री लघवीला उठताना दिवा आणि सोबत असावी. काचबिंदू, पुरःस्थ ग्रंथीचा त्रास, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

चार. माणसाला रमवावे. भजन, नातवंडांची संगत, ओट्यावरची बैठक, शक्य तितके चालणे, ही औषधेच आहेत. दाराची कडी मेंदूच्याही हाती आहे, हे आपण वर पाहिले.

पाच. वेदना तीन महिन्यांहून अधिक टिकली, झोप आणि जेवण हरपले, किंवा ‘आता जगून काय करायचे’ असे उद्गार निघू लागले, तर थांबू नये. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन नाशिक किंवा मुंबई येथील वेदनाचिकित्सा विभागात दाखवावे. जाताना वही आणि सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्या सोबत न्याव्यात.

आणि एक गोष्ट दुखणे येण्यापूर्वीची. नागिणीवरील लस आता भारतात मिळते. ती 50 वर्षांवरील व्यक्तींसाठी असून तिच्या दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात. ती महाग आहे, हे खरे. परंतु नागीण आणि तिच्यानंतरची वेदना, दोन्ही टाळण्याचा तोच सर्वांत परिणामकारक मार्ग आहे. पूर्वी नागीण होऊन गेलेल्यांनीही, ती पूर्ण बरी झाल्यावर, लसीविषयी डॉक्टरांशी बोलावे.

आपल्याकडे सोसण्याला फार मान आहे. उन्हाळभर कांदा निवडत बसलेल्या आपल्या आया-आज्या पाठ दुखते असे म्हणायलाही लाजतात. पण वर्षभर आग सोसण्याने कोणतेही पुण्य पदरी पडत नाही. सोसणाऱ्याने बोलावे आणि ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा, येथूनच उपचाराला प्रारंभ होतो. तारा, यंत्रे आणि सुया त्यानंतरच्या. आपल्या घरात कोणी महिनोन्‌महिने ‘तिथेच दुखते’ म्हणत असेल, तर हा अंक बाजूला ठेवून आजच त्यांच्यापाशी जाऊन बसा आणि विचारा : ‘नेमके कुठे दुखते? केव्हापासून? मला नीट सांगा.’